केप बार्नेटचा शेवटचा फोन

पाच वाजता वेंडल हार्गेटच्या हातात कार्डं आली आणि तिसरं कार्ड वाचताच त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

कार्डं आधी मिळायची ती उत्तरं पाठ करायला नव्हे. उत्तर तर प्रत्येक कार्डाच्या तळाशी छापलेलंच असे. कार्डं मिळायची ती नावांचे उच्चार नीट व्हावेत म्हणून. मागच्या वर्षी वेंडलनं एका पोलिश सेनापतीच्या नावाची अशी काही चिरफाड केली होती की शिकागोहून पोतंभर शिव्या आल्या. तेव्हापासून ‘तीस सेकंद’ या टीव्हीवरच्या प्रश्नांच्या खेळाचा निर्माता सिड लॉवेल दर गुरुवारी कार्यक्रमाच्या अडीच तास आधी कार्डं त्याच्या खोलीत धाडत असे. वेंडल आरशासमोर बसून ती मोठ्यानं वाचायचा, मेकअपवाली बर्निस त्याच्या कपाळावर पावडर थापायची, आणि त्याचे उच्चार चुकले की हसायची.

तिसऱ्या कार्डावर असं होतं: ‘१९३७च्या महापुरात केप बार्नेट गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, पाणी जिन्याला लागलं तरी शेवटपर्यंत जागा न सोडणाऱ्या ऑपरेटरचं नाव काय?’ आणि तळाशी उत्तर: लोरेना पाइक.

उत्तर चूक होतं. ते चूक आहे हे खात्रीनं ठाऊक असलेला साऱ्या अमेरिकेत एकच माणूस आता हयात होता, आणि ते चुकीचं नाव पुस्तकांत शिरलं होतं तेही त्याच माणसाच्या तोंडून.

"काय हो, भूत बघितलंत का?" बर्निस म्हणाली. "मान सरळ ठेवा. घाम पुसू की पावडर लावू?"

"हे पाण्यापुराचे प्रश्न कुणासाठी आहेत?"

"मला काय विचारता, मी पावडरवाली. ते नदीकाठचं ध्यान आलंय ना आज, त्याच्यासाठी असतील. पावडर लावू देत नाही मेला. म्हणतो, मी काय नाटकात काम करायला आलोय का? टोपी मांडीवर घेऊन बसलाय, दात उपटायला आल्यासारखा."

"नाव काय त्याचं?"

"स्ट्रँड. वर्जिल स्ट्रँड."

वेंडल ताडकन उठला. गळ्याभोवतीचा पांढरा टॉवेल तसाच ठेवून तो सिडच्या खोलीत गेला.

सिड लॉवेल पेपरमिंटच्या गोळ्या चघळत बसला होता. दारू सोडल्यापासून त्याला दुसरं व्यसन उरलं नव्हतं.

"तिसरं कार्ड बदल," वेंडल म्हणाला.

"का रे बाबा?"

"त्या पुराची बातमी माझी होती. लोक म्हणतील, स्वतःचीच टिमकी वाजवतोय."

"वाजव की! तेच तर हवंय." सिड खुर्चीत मागे रेलला. "अरे, तुझ्यासाठीच घातलाय तो प्रश्न. सोमवारी वरच्या मजल्यावर संध्याकाळच्या बातम्यांसाठी माणूस ठरणार आहे ना? ते ठरवणारे तिन्ही साहेब आज घरी टीव्हीसमोर बसणार आहेत. मी फोन करकरून सांगितलंय. साबण विकणारा बडबड्या म्हणून बघतात ते तुला. आज त्यांना आठवू दे, सदतीस साली अख्ख्या देशाला रडवलं होतं ते या पठ्ठ्यानं."

"आणि तो वर्जिल स्ट्रँड?"

"तोच तर हुकमी एक्का. अर्जातच लिहिलंय त्यानं, गावातल्या स्मारकावरचं नाव खोटं आहे, तिथं माझी बहीण होती, एफी. म्हणजे तो ‘एफी’ म्हणणार. परीक्षक प्रोफेसर चुकीची घंटी वाजवणार. तू त्याच्या खांद्यावर हात ठेवायचास आणि म्हणायचंस, ‘भल्या माणसा, त्या फोनवर मी स्वतः होतो. तुमचं दुःख मी समजू शकतो.’ संपलं. बायका रुमाल काढतील आणि बातम्या तुझ्या खिशात येतील."

"सिड, तो माणूस काही जनावर नाही, असा उभा करायला."

"दोन प्रश्नांचे पैसे घेऊन जाईल की! रिकाम्या हातानं थोडाच धाडतोय?" सिडनं नवी गोळी तोंडात टाकली. "आणि हे बघ, कार्डांची दुसरी प्रत सील होऊन प्रोफेसरकडे गेलीय. आता बदलली तर कार्यक्रमाला पैसे पुरवणारे साबणवाले मला सोलून काढतील. जा, टाय बांध."

वेंडलला तिथंच सांगून टाकता आलं असतं. दार बंद होतं, तिसरं कुणी नव्हतं. पण एकोणीस वर्षांत ते वाक्य त्यानं एकदाही उच्चारलं नव्हतं, बायकोपाशी नाही, पाद्र्यापाशी नाही. ते पहिल्यांदा पेपरमिंट चघळणाऱ्या माणसापुढे उच्चारायचं त्याच्या जिवावर आलं. तो परत गेला आणि टाय बांधू लागला.

वेंडल मुळात बातमीदार नव्हेच. बाप धान्याच्या गोदामात काट्यावर वजनं करायचा, आणि पोराला एकच देणगी होती, आवाज. एकविसाव्या वर्षी तो नदीकाठच्या शहरात, फर्निचरच्या दुकानावरच्या एका टीचभर रेडिओ स्टेशनात चिकटला आणि बेसबॉलचे सामने सांगू लागला. सामने व्हायचे दोनशे मैलांवर. तारेच्या यंत्रातून कागदाच्या पट्टीवर चार अक्षरं यायची, चेंडू बाहेर, फटका, झेल, बस्स. त्या चार अक्षरांतून वेंडल मैदान उभं करायचा. ढग आणायचा, धूळ उडवायचा, गोलंदाजाला कपाळ पुसायला लावायचा आणि पेन्सिल लाकडी ठोकळ्यावर आपटून फटक्याचा ‘टक्’ काढायचा. ऐकणाऱ्यांना ठाऊक असायचं की हा गडी मैदानात नाही. तरी केशकर्तनालयांतून माणसं अर्धी दाढी ठेवून ऐकत बसायची.

या धंद्याचा एक नियम होता. तो स्टेशनचा मालक ओटिस ग्रीव्ह यानं पहिल्याच दिवशी त्याच्या गळी उतरवला. "पोरा, माइकवर चूक कबूल करायची नाही. तू एखाद्याला दुसऱ्या बेसवर नेऊन बसवलंस आणि मागाहून तार म्हणाली की तो पहिल्यावरच आहे, तर माफी मागत बसू नकोस. त्याला उलटा पळव, पंचाशी भांडण लाव, काय वाटेल ते कर. पण खेळातल्या खेळात सारव. ऐकणाऱ्याला सांधा दिसता कामा नये."

वेंडल सारवण्यात इतका तरबेज झाला की तारेची पट्टी मध्येच तुटली तरी वीस वीस मिनिटं सामना चालू ठेवायचा. ग्रीव्हला त्याचं भारी कौतुक होतं. अशा कौतुकानं माणसाचं वाटोळं होतं, पण ते त्या वयात कुणाला कळतं?

सदतीसच्या जानेवारीत नदीनं काठ सोडला. स्टेशननं गाणी बंद केली, जाहिराती बंद केल्या, आणि माइक चोवीस तास उघडा ठेवला. अमक्या गल्लीत होडी पाठवा, तमक्या छपरावर सातजण आहेत, असे निरोप वाचत वेंडल तीन दिवस खुर्चीतच जेवला आणि खुर्चीतच झोपला. खालच्या अंगाला चाळीस मैलांवर केप बार्नेट होतं. तिथल्या एक्स्चेंजला तो दर तासाला फोन लावायचा. खोली बँकेच्या वर, दुसऱ्या मजल्यावर होती. तिसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला लोरेना पाइक होती, चाळिशीची, घोगऱ्या आवाजाची, जिभेला हाड नसलेली. "पाणी बँकेच्या तिजोरीत शिरलंय, मिस्टर हार्गेट," ती म्हणाली. "पण तिजोरीत माझं काही नाही, तेव्हा मला झोप लागेल." वेंडलनं ते तसंच्या तसं माइकवर सांगितलं. दुपारपर्यंत निम्मा देश लोरेनाच्या प्रेमात पडला होता. त्याच सकाळी न्यूयॉर्कच्या मोठ्या रेडिओ कंपनीनं ग्रीव्हच्या स्टेशनला तार जोडून घेतली होती, आणि वेंडलचा आवाज किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत जात होता.

एक वाजता लोरेनाची पाळी संपली. बहिणीच्या दोन मुलांना घेऊन ती होडीत बसली. धान्याच्या कोठाराशी होडी उलटली, त्यातलं कुणीच वाचलं नाही आणि प्रेतंही सापडली नाहीत. त्या दिवशी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन वाजता वेंडलनं फोन लावला तर पलीकडून कोवळा आवाज आला. "लोरेनाची पाळी संपली. मी एफी स्ट्रँड. एकपासून मी आहे."

वेंडलनं माइकवर हात ठेवून ग्रीव्हला सांगितलं, ऑपरेटर बदलली.

"बदलली म्हणजे?" ग्रीव्ह फिस्कारला. "अख्खा देश लोरेनासाठी गुडघे टेकून बसलाय आणि तू मला एफी देतोस? कोण एफी? पूर ओसरला की सांगू, दोघी होत्या म्हणून. आता सारव."

वेंडलनं सारवलं. दोन वाजता, तीन वाजता. एफी जे जे सांगायची ते ते तो लोरेनाच्या तोंडी घालायचा आणि वर थोडा घोगरेपणा पेरायचा. चार वाजून दहा मिनिटांनी शेवटचा फोन झाला. त्यात काय बोलणं झालं ते त्यानं माइकवर सांगितलं नाही आणि पुढेही कुणाला सांगितलं नाही. पाच मिनिटांनी तार गेली. अंधार पडायच्या आत बँकेची इमारत नदीत बसली. मग वेंडल समोर एक चिटोरा नसताना बावीस मिनिटं लोरेना पाइकवर बोलला, आणि ते बोलणं ऐकून पोलीस रस्त्यात उभे राहून रडले म्हणतात. दोन महिन्यांत तो न्यूयॉर्कला होता.

इकडे केप बार्नेटमध्ये पाणी ओसरल्यावर लोकांनी हिशेब मांडला. चार वाजता एक्स्चेंजमध्ये लोरेना होती, रेडिओनंच सांगितलं. पण एकपासून पाळी तर एफीची! मग लोरेनाला का थांबावं लागलं? कारण ती स्ट्रँडांची पोरगी आलीच नाही. पळाली. पळता पळता बुडाली, म्हणून तर प्रेत अकरा मैल खाली सापडलं. गावाला मग कुणी काही पटवून देऊ शकलं नाही. शाळेला लोरेनाचं नाव दिलं, चौकात तिचा दगडी पुतळा बसवला, आणि एफीच्या आईशेजारचा चर्चमधला बाक रिकामा राहू लागला.

हे वेंडलला कळलं ते त्या आईच्या पत्रातून. ‘माझी एफी जेवणाचा डबा घेऊन एक वाजता कामावर गेली. फोनवर तुम्ही होतात. तुम्ही तिचा आवाज ऐकलात का? ऐकला असेल तर दोन ओळी लिहा. मी त्या चर्चमध्ये वाचून दाखवीन.’ त्यानं पत्र टेबलाच्या खणात ठेवलं. तीन वर्षांनी दुसरं आलं, तेही खणात गेलं. तिसरं आलं नाही. वेंडल दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर त्यानं पत्रं जाळली असती आणि सुखानं झोपला असता.

पुढे ग्रीव्ह वारला. युद्ध आलं, वेंडलनं जहाजांवरून बातम्या दिल्या. युद्ध संपलं, टीव्ही आला, बातम्यांचा जाहिरातदार कंटाळला, आणि पंचेचाळिशीच्या वेंडलपाशी उरलं ते चांगलं हसू आणि साबणवाल्यांचा प्रश्नांचा खेळ. बातम्यांत परत जायचं, एवढा एकच ध्यास त्यानं चार वर्षं उराशी धरला होता. त्यासाठी तो क्लबांतून, दुपारच्या मेजवान्यांतून लोरेनाची गोष्ट सांगत हिंडायचा. लोरेनाचे शेवटचे शब्द दर मेजवानीला थोडे आणखी सुंदर होत. ‘घाबरायला वेळ कुणाला आहे, मिस्टर हार्गेट? अजून तीन कॉल जोडायचेत.’ इथं हमखास टाळ्या पडत.

साडेसातला लाल दिवा लागला. डेलवुड साबणाचं गाणं झालं. वेंडल हसत पुढे आला आणि त्यानं वर्जिल स्ट्रँडचा हात हातात घेतला. तो हात खरखरीत होता आणि अजिबात घामेजलेला नव्हता.

"वर्जिल, आपण काय करता?"

"फेरीबोटीची इंजिनं दुरुस्त करतो."

"आणि आज घरी कोण बघतंय?"

"आई. शेजारणीकडून टीव्ही मागून आणलाय." वर्जिलनं पुढे जोडलं, "एक्याऐंशीची आहे. पण ऐकू येतं तिला. सगळं ऐकू येतं."

लोक हसले. वेंडलही हसला, दात तेवढे दिसले. वर्जिलनं विषय निवडला होता ‘नद्या आणि पूर’. पहिला प्रश्न होता, ओहायो नदी कुठल्या शहरापाशी सुरू होते. "पिट्सबर्ग," वर्जिल म्हणाला, घड्याळाचा काटा हलायच्या आत. दुसरा, जॉन्सटाउनचा पूर कुठल्या साली आला. "अठराशे एकोणनव्वद." टाळ्या झाल्या. कॅमेऱ्याआडून सिडनं अंगठा दाखवला आणि मग स्वतःच्याच खांद्यावर हात ठेवून दाखवला, खूण विसरू नको म्हणून.

वेंडलनं तिसरं कार्ड उचललं. त्यानं ते टेबलाच्या कडेला टेकवून वाचलं. आवाज जराही थरथरला नाही. आवाजानं त्याला आयुष्यात कधी दगा दिला नव्हता. प्रश्न वाचून झाला आणि भिंतीवरचं मोठं घड्याळ टिकटिकायला लागलं.

वर्जिल घड्याळाकडे बघत नव्हता. तो वेंडलकडे बघत होता. दहा सेकंदं गेली. पंधरा गेली.

"उत्तर, वर्जिल?"

"तुम्हीच सांगा की," वर्जिल म्हणाला. "फोनवर तुम्ही होतात. मी होडी शोधत होतो."

लोकांत खसखस पिकली. वेंडल म्हणाला, "नियम आहे, उत्तर पाहुण्यांनीच द्यायचं."

"असं का? बरं." चार सेकंदं उरली होती. "एफी स्ट्रँड."

प्रोफेसर टॉलमन, कोपऱ्यातल्या उंच खुर्चीतले पांढऱ्या मिशीचे परीक्षक, यांनी घंटी वाजवली. घंटी म्हणजे चूक. त्यानंतर वेंडलनं ‘क्षमा असावी’ म्हणायचं, मागचे दिवे मंद व्हायचे, आणि साबणाचं गाणं लागायचं. दोनशे गुरुवार हे असंच झालं होतं. वेंडलनं वर्जिलच्या खांद्यावर हात ठेवला. कोटाखाली नुसतं हाड लागलं. वाक्य जिभेवर तयार होतं, आणि ते आपण फार छान म्हणू हेही त्याला ठाऊक होतं. वरच्या मजल्यावरची तीन माणसं तीन घरांत कॉफीचे कप घेऊन बसली असतील, हेही त्याला दिसत होतं.

वर्जिल ओठ न हलवता, फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "म्हणून टाका. आम्हाला सवय आहे."

त्यात राग असता तर वेंडल निभावून गेला असता. राग नव्हता. रोजची भाकरी मागितल्यासारखा तो आवाज होता.

"उत्तर बरोबर आहे," वेंडल म्हणाला.

प्रोफेसरांनी पुन्हा घंटी वाजवली. "मिस्टर हार्गेट, कार्डावर लोरेना पाइक आहे. कार्ड म्हणेल ते खरं, हा नियम आहे."

"कार्डावरचं नाव पुस्तकातून आलंय, प्रोफेसर, आणि पुस्तकात ते माझ्याकडून गेलंय. ते चूक आहे." वेंडल कॅमेऱ्याकडे वळला. "लोरेना पाइक एक वाजेपर्यंत होती, आणि ती शूर बाई होती. एकपासून एफी स्ट्रँड होती. दोन वाजता तिनं मला स्वतःचं नाव सांगितलं. मी ते माइकवर बदललं, कारण लोकांना लोरेना आवडली होती. एफी कामावरून पळाली नाही. जे केप बार्नेटमध्ये आज ऐकत असतील त्यांनी नीट ऐकावं. ती पळाली नाही."

सिड हातवारे करत होता, गळ्यावरून बोट फिरवत होता. कॅमेरावाल्यानं त्याच्याकडे पाहिलंच नाही. प्रेक्षकांत एक बाई रडू लागली, मग दुसरी. कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनी वाजवल्या. सोमवारचा फोन आता येणार नाही हे वेंडलला कळून चुकलं होतं. पण लाजेनं मान खाली जावी अशी गोष्ट म्हणजे, त्याला बरं वाटत होतं. आवाज नेमक्या जागी कापला होता. शेवटचं वाक्य दोनदा म्हटलं ते फार उत्तम झालं होतं. इतकी मोठी चूक इतकी छान सारवली गेली, असं त्याच्या मनात येऊनही गेलं.

वर्जिलनं टाळ्या थांबेपर्यंत वाट पाहिली. त्याच्या चेहऱ्यावरची एक रेषही हलली नव्हती.

"आईनं एक विचारायला सांगितलंय," तो म्हणाला. "तुम्ही खरं बोललात, तरच विचार म्हणाली. एफी घाबरली होती का?"

वेंडलला उत्तर तयार होतं. गेली एकोणीस वर्षं ते घासून पुसून ठेवलेलं होतं. नाही हो, घाबरायला वेळ कुणाला होता, अजून तीन कॉल जोडायचे होते. फक्त नाव बदलायचं. म्हातारी ते ऐकत शांतपणे मरेल. याहून मोठं पुण्य कुठलं? आणि ते खोटं आहे हे कुणाला कधी कळणार होतं?

घड्याळ बंद होतं, तरी सगळे घड्याळाकडे बघत होते.

"हो," तो म्हणाला. हा आवाज त्याचा नव्हता, बारीक, कोरडा. "घाबरली होती. रडत होती. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. ती म्हणाली, मागच्या जिन्यावरून चर्चच्या टेकडीपर्यंत दोर बांधलाय, अजून कमरेएवढंच पाणी आहे, जाता येईल. म्हणाली, जाऊ का थांबू? होड्या येतायत का?"

"मग?"

"न्यूयॉर्कवाले ऐकत होते. मला फोन चालू हवा होता." वेंडलनं खुर्चीची पाठ धरली. "मी म्हटलं, येतायत. तीन होड्या निघाल्यात. फोन सोडू नका."

"निघाल्या होत्या?"

"मला माहीत नव्हतं. मी कुणाला विचारलंच नव्हतं."

वर्जिलच्या मांडीवरची टोपी खाली पडली. ती त्यानं उचलली नाही.

"म्हणून थांबली होय ती," तो म्हणाला.

कुणी घंटी वाजवली नाही, कुणी गाणं लावलं नाही. वर्जिल खुर्चीतच वळला आणि त्यानं लाल दिव्याच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"आई," तो म्हणाला, "बंद कर तो टीव्ही."